कारभारांतील निर्णय आणि गणित

कोणताहि कारभार म्हटला कीं त्यांत रोज निर्णय करावे लागतात. गिरणीच्या चालकाला कापूस किती घेऊन ठेवावा हें ठरवावें लागतें. आगगाडीच्या अधिकाऱ्याला कोणत्या मार्गावर किती डबे जोडावे हें ठरवावें लागतें. इस्पितळाच्या व्यवस्थापकाला रात्रपाळीस किती परिचारिका ठेवाव्या याचा विचार करावा लागतो. आणि घरच्या गृहिणीलाहि वर्षाचें धान्य एकदम भरावें कीं महिन्याच्या महिन्याला आणावें, हा प्रश्न असतोच. असे निर्णय पिढ्यान् पिढ्या अनुभवाच्या जोरावर होत आले आहेत. अनुभवाची योग्यता कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु त्याला एक मर्यादा आहे. जी गोष्ट आपण कधीं मोजलीच नाहीं, तिच्याविषयीं अनुभव फार थोडें सांगूं शकतो. आणि जें सांगतो तें पुष्कळ वेळां खरें नसतें.

या मर्यादेवर उपाय म्हणून गेल्या शतकांत एक नवें शास्त्र उदयास आलें. इंग्रजींत त्याला 'ऑपरेशन्स रिसर्च' म्हणतात. आज सोयीसाठीं आपण त्याला 'कार्यसंशोधन' म्हणूं. चालू असलेलें काम शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहावें, त्यांत मोजण्यासारखें जें असेल तें मोजावें, आणि अमुक निर्णय केला तर काय होईल व तमुक केला तर काय होईल, हें निर्णय करणाऱ्यापुढें आंकड्यांनीं मांडावें, एवढेंच या शास्त्राचें कार्य. नांव जड असलें तरी कल्पना साधी आहे. भांडीं घासण्याच्या एका गोष्टीवरून ती चटकन् ध्यानांत येईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन लष्कराच्या एका भोजनालयांत, जेवण झाल्यावर सैनिकांनीं आपापलीं भांडीं आपणच धुवावीं, असा नियम होता. त्यासाठीं पाण्याचे चार टब मांडलेले असत. दोन घासण्यासाठीं व दोन विसळण्यासाठीं. रोज जेवणानंतर या टबांपाशीं लांबलचक रांग लागे. कोणालाहि वाटेल कीं टब कमी पडत आहेत, आणखी चार आणले पाहिजेत. तेथें आलेल्या एका संशोधकानें टबांची मागणी करण्यापूर्वीं घड्याळ काढलें. भांडीं घासावयाला जो वेळ लागतो तो विसळण्याच्या वेळेच्या सुमारें तिप्पट आहे, असें त्याला आढळलें. म्हणजे विसळण्याचे टब पुष्कळसा वेळ रिकामे राहत होते आणि घासण्याच्या टबांपाशीं मात्र गर्दी तुंबत होती. त्यानें सुचविलें कीं तीन टब घासण्यासाठीं ठेवावे व एक विसळण्यासाठीं. तसें केल्यावर रांग कमी झाली एवढेंच नव्हे, तर बहुतेक दिवशीं ती लागेनाशीच झाली. नवा टब आणावा लागला नाहीं, माणूस वाढवावा लागला नाहीं. ही हकीगत फिलिप मोर्स आणि जॉर्ज किंबल यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे, आणि या विषयाच्या विद्यार्थ्यांना ती अद्यापहि सांगतात.

या शास्त्राला नांव मिळालें तें युद्धाच्या छायेंत. १९३८ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बॉडसी येथें रडारचे प्रयोग चालले होते. शत्रूचें विमान दुरून ओळखणारें यंत्र सिद्ध झालें. परंतु यंत्रानें दिलेली वार्ता लढाऊ विमानांच्या तळापर्यंत वेळेवर कशी पोंचवावी, आणि निरनिराळ्या ठाण्यांवरून आलेल्या परस्परविरोधी वार्तांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न उरलाच. तो यंत्राचा प्रश्न नव्हता; यंत्र वापरण्याच्या व्यवस्थेचा होता. त्याचा अभ्यास करणाऱ्या मंडळींच्या कामाला हें नांव मिळालें. पुढें १९४० सालीं पॅट्रिक ब्लॅकेट या पदार्थवैज्ञानिकाकडे लंडनच्या विमानविरोधी तोफांचें काम आलें. त्यांनीं जमविलेल्या मंडळींत शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक होते, गणिती होते, ताऱ्यांचा अभ्यास करणारा एक शास्त्रज्ञ होता, जमिनीची मोजणी करणारा एक मोजणीदारहि होता. लोक या मंडळाला थट्टेनें 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. तोफखान्यांत उभा जन्म घालविलेल्या अधिकाऱ्यांना या लोकांनीं काय शिकवावें, अशी शंका तेव्हां पुष्कळांना आली असल्यास नवल नाहीं. पण त्या युद्धांतील तीन उदाहरणें पाहिलीं म्हणजे या शंकेचें उत्तर मिळतें.

पहिलें उदाहरण पाणबुड्यांचें. जर्मन पाणबुडी दिसली कीं ब्रिटिश विमान पाण्याखालीं ठराविक खोलीवर फुटणारे बाँब तिच्यावर टाकी. ही खोली १०० फूट ठरविलेली होती. विचार असा होता कीं विमान येऊन पोंचण्यापूर्वीं सरासरीनें दोन मिनिटें पाणबुडीला त्याची चाहूल लागते, आणि तेवढ्या अवधींत ती सुमारें १०० फूट खालीं जाते. हा हिशेब सरासरीच्या दृष्टीनें बरोबर होता. ई. जे. विल्यम्स या शास्त्रज्ञानें मात्र एक गोष्ट दाखवून दिली. जी पाणबुडी दोन मिनिटें आधीं बुडाली, ती खालीं जातांना बाजूलाहि सरकलेली असते. ती नक्की कोठें आहे हें वैमानिकाला कळत नाहीं, म्हणून तिच्यावरचा बाँब बहुधा वाया जातो. जिची जागा नक्की कळते ती पाणबुडी अजून पृष्ठभागावर तरी असते, नाहीं तर नुकतीच बुडी मारीत असते; आणि नेमकी तीच १०० फुटांवर फुटणाऱ्या बाँबपासून सुखरूप सुटते. तेव्हां बाँब वरच फुटावा, असें त्यांनीं सुचविलें, आणि ती खोली टप्प्याटप्प्यानें २५ फुटांपर्यंत आणली गेली. बुडविलेल्या पाणबुड्यांचें प्रमाण इतकें वाढलें कीं पकडलेल्या जर्मन खलाशांची समजूत झाली, इंग्रजांनीं कांहीं नवीन जबर दारू शोधून काढली आहे. बाँब तोच होता, दारूहि तीच होती.

दुसरें उदाहरण व्यापारी जहाजांचें. भूमध्य समुद्रांत जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा व त्या चालविणारे गोलंदाज ठेवले होते. कांहीं काळानें हिशेब पाहतां असें दिसलें कीं हल्ला करणाऱ्या विमानांपैकीं शेंकडा ४ सुद्धां या तोफांनीं पाडलीं जातात कीं नाहीं, याची शंकाच आहे. तेव्हां या महाग तोफा काढून दुसरीकडे न्याव्या, असा विचार निघाला. संशोधकांनीं विचारलें: तोफा बसविल्या कशासाठीं? विमानें पाडण्यासाठीं कीं जहाजें वांचविण्यासाठीं? मग त्यांनीं दुसरा हिशेब केला. हल्ला झालेल्या जहाजांपैकीं तोफा असलेलीं शेंकडा १० बुडालीं होतीं, आणि तोफा नसलेलीं शेंकडा २५. तोफेच्या माऱ्यामुळें शत्रूचा नेम चुकत होता. विमान पडो वा न पडो, जहाज वांचत होतें. मोजमाप बदलतांच निर्णय उलटा झाला आणि तोफा जागच्या जागीं राहिल्या.

तिसरें उदाहरण खुद्द आंकड्यांविषयीं सावध करणारें आहे. समुद्रकिनाऱ्यावरील तोफा दर विमानामागें जेवढे गोळे खर्च करीत, त्याच्या दुप्पट गोळे देशाच्या आंतील भागांतल्या तोफांना लागत, असें नोंदींवरून दिसूं लागलें. किनाऱ्यावर रडार अधिक चांगलें चालतें काय, तेथें शत्रूचीं विमानें सरळ रेषेंत उडतात काय, असे अनेक तर्क झाले. अखेर उलगडा झाला तो अगदीं साधा होता. आंतील भागांत पाडलेल्या विमानाचा सांगाडा जमिनीवर सांपडे, त्यामुळें तोफखान्याचा दावा पडताळून पाहतां येई. समुद्रांत पडलेल्या विमानाचा पडताळा कोण घेणार? किनाऱ्यावरील नेम अधिक अचूक नव्हता. तेथील दावे तेवढे फुगलेले होते.

या तीन हकीगतींत या शास्त्राचें सगळें सार आलें आहे. सरासरीवर भाळूं नये, तिच्या पोटांत कोणकोणती प्रकरणें आहेत तें पाहावें. आपण जें मोजतों तेंच आपल्याला साधावयाचें आहे काय हें विचारावें. आणि आंकडा कोणी, कोठें व कसा लिहिला याची चौकशी करावी. अवघड गणित या सर्वांच्या नंतर येतें.

हें नांव पडण्यापूर्वींच आपल्या देशांतहि अशाच तऱ्हेचें काम झालेलें आहे. १९२२ सालीं उत्तर बंगालमध्यें मोठा पूर आला. पुराचें पाणी अडवून धरण्यासाठीं मोठ्या खर्चाचे जलाशय बांधावे, अशी तज्ज्ञांची सूचना होती. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं सुमारें ५० वर्षांचा पाऊस आणि पूर यांच्या नोंदी तपासल्या आणि असें दाखविलें कीं हे जलाशय व्यर्थ ठरतील. तेथें खरी गरज पाण्याचा निचरा लवकर होण्याची आहे. पुढें १९२६ सालीं ओरिसांत ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचें पात्र गाळानें वर आलें आहे, सबब बांध कांहीं फुटांनीं उंच करावे, असें अभियंत्यांचें मत पडलें. महालनोबीस यांनीं ६० वर्षांच्या नोंदी पाहिल्या. पात्र मुळीं वर आलेलेंच नव्हतें. नदीच्या वरच्या अंगाला त्या वर्षीं पाऊस विलक्षण झाला होता. म्हणून बांध उंच करण्यापेक्षां नद्यांच्या वरच्या भागांत धरणें बांधावीं, हा त्यांचा सल्ला पडला. पुढें त्याच प्रांतांत महानदीवर हिराकूड येथें धरण झालें, त्याचें उद्घाटन १९५७ सालीं झालें. ज्यांच्या शेतांवरून पुराचें पाणी जात होतें, त्या लोकांच्या दृष्टीनें या दोन मतांतील अंतर केवळ शास्त्रीय वादाचें नव्हतें. ब्लॅकेट यांचाहि हिंदुस्थानशीं निकट संबंध आला. १९४७ नंतर संरक्षणविषयक संशोधनाची उभारणी कशी करावी, याबाबत पंडित नेहरूंनीं त्यांचा सल्ला घेतला होता.

युद्ध संपल्यावर हीं माणसें कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, रेल्वे आणि व्यापारी पेढ्या यांकडे वळलीं. १९४८ सालीं लंडनमध्यें या विषयाच्या अभ्यासकांचें एक मंडळ स्थापन झालें. शांततेच्या काळांतील कारभाराचेहि प्रश्न त्याच जातीचे आहेत, हें लवकरच दिसून आलें. त्यांपैकीं तीन प्रश्न प्रत्येक उद्योगांत पुनः पुन्हा भेटतात: साठा किती ठेवावा, रांग कशी आंवरावी, आणि मर्यादित साधनें अनेक कामांत कशीं वांटावीं.

प्रथम साठ्याचा प्रश्न घेऊं. कारखान्याच्या प्रत्येक खात्याचें यावर निराळें मत असतें. विक्रीखात्याला वाटतें कीं गोदाम भरलेलें असावें, म्हणजे गिऱ्हाईक परत जाणार नाहीं. खजिनदाराला वाटतें कीं गोदामांत पडलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. खरेदी करणाऱ्याला एकदम मोठी खरेदी सोयीची वाटते. आणि गोदामाच्या रखवालदाराला माल जितका कमी तितकी काळजी कमी. प्रत्येकजण आपल्या खात्यापुरतें खरें बोलतो, आणि चौघांचें ऐकून कारखाना चालत नाहीं. १९१३ सालीं फोर्ड हॅरिस या अमेरिकन गृहस्थानें या वादाला एक साधें सूत्र लावून दिलें. उदाहरणासाठीं असें समजूं कीं एका छापखान्याला वर्षाला कागदाचीं १,२०० बंडलें लागतात. प्रत्येक वेळच्या खरेदीला, पत्रव्यवहार, हमाली, गाडीभाडें धरून, १०० रुपये पडतात; आणि एक बंडल वर्षभर ठेवण्याला, व्याज, जागा व नासधूस धरून, ६ रुपये पडतात. एका वेळीं २०० बंडलें आणलीं तर वर्षांत ६ खेपा होतात, त्यांचे ६०० रुपये, गोदामांत सरासरीनें १०० बंडलें राहतात, त्यांचे ६०० रुपये, एकूण १,२००. एका वेळीं १०० च आणलीं तर खेपांचे १,२०० व ठेवणावळीचे ३००, म्हणजे १,५००. एका वेळीं ३०० आणलीं तर खेपांचे ४०० व ठेवणावळीचे ९००, म्हणजे १,३००. दोन्ही खर्च जेथें समसमान होतात, तेथेंच एकूण खर्च सर्वांत कमी होतो.

या हिशेबांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे उत्तम आंकड्यापासून आपण थोडे दूर असलों तरी फारसें बिघडत नाहीं. २०० च्या जागीं ३०० आणूनहि खर्च शंभर रुपयांनींच वाढला. यामुळें व्यवस्थापकाला बाजारभाव, गाडीची सोय, पावसाळा यांकडे पाहून थोडें मागेंपुढें करण्याची मोकळीक राहते. दुसरी गोष्ट अनुभवाला सहसा न दिसणारी आहे. छापखान्याचें काम चौपट झालें तर एका खेपेचा माल चौपट करण्याचें कारण नाहीं, दुप्पट पुरतो. म्हणजे धंदा वाढतांना त्याच प्रमाणांत गोदामेंहि वाढविणारा व्यापारी आपला पैसा विनाकारण अडकवून ठेवतो.

आतां रांगेचा प्रश्न. त्याचें गणित प्रथम बसविलें डेन्मार्कच्या अ‍ॅग्नर एर्लांग यांनीं. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत होते, आणि त्यांचा पहिला निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. किती तारा ठेवल्या म्हणजे बोलूं इच्छिणाऱ्याला फार तिष्ठावें लागणार नाहीं, हा त्यांचा प्रश्न होता. तेंच गणित बँकेच्या खिडकीला, बंदराच्या धक्क्याला आणि दवाखान्यालाहि लागू पडतें. एका खिडकीवर कारकुनाला प्रत्येक माणसामागें सरासरी ३ मिनिटें लागतात असें धरूं. म्हणजे तासाला तो २० माणसांचें काम करूं शकतो. माणसें वाटेल तेव्हां येतात, आणि कोणाचें काम अर्ध्या मिनिटाचें तर कोणाचें दहा मिनिटांचें असतें. तासाला सरासरी १५ माणसें येत असलीं, तर प्रत्येकाला खिडकीपर्यंत पोंचावयास सरासरी ९ मिनिटें लागतात. १८ येऊं लागलीं, तर २७ मिनिटें लागतात. १९ येऊं लागलीं, तर ५७ मिनिटें! तासाला फक्त एक माणूस वाढला आणि तिष्ठण्याचा वेळ दुपटीहून अधिक झाला.

व्यवस्थापकाच्या नजरेला कारकून जेव्हां पांच-दहा मिनिटें रिकामा दिसतो, तेव्हां तो म्हणतो कीं येथें माणूस जास्त झाला आहे. गणित सांगतें कीं ज्या खिडकीवरचा माणूस कधींच रिकामा नसतो, त्या खिडकीपुढची रांग हटण्याची आशा नको. कामांतील अनियमितपणा सोसण्यासाठीं थोडी सवड शिल्लक ठेवावीच लागते. तासाला १८ माणसें येत असतांना एक दुसरी खिडकी उघडली आणि दोहोंसाठीं एकच रांग ठेवली, तर तें २७ मिनिटांचें तिष्ठणें एका मिनिटाच्याहि आंत येतें. मात्र दुसरा कारकून दिवसभर बसवावा कीं गर्दीच्या दोन तासांपुरता, हें त्या त्या ठिकाणचें येणेंजाणें मोजल्यावांचून सांगतां येत नाहीं. न्यूयॉर्कच्या बंदर-संस्थेंतील लेस्ली एडी यांनीं १९५४ सालीं पूल आणि बोगदे यांवरील जकातनाक्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या वेळीं किती खिडक्या उघड्या ठेवाव्या याचें वेळापत्रक त्यांनीं आधींच आंखून दिलें, आणि त्यांत जकात घेणाऱ्या नोकरांच्या विश्रांतीच्या वेळाहि बसविल्या. मोटारवाल्यांचें तिष्ठणें आणि नोकरांचा विसावा या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबांत धरल्या गेल्या, हा त्या कामाचा विशेष.

तिसरा प्रश्न वांटणीचा. १९३९ सालीं लेनिनग्राड येथील लिओनिद कांतोरोविच या गणित्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्लायवुडच्या कारखान्यांकडून त्याच्याकडे प्रश्न आला होता कीं निरनिराळ्या जातींचें लाकूड निरनिराळ्या यंत्रांवर कसें वांटावें, म्हणजे सर्वांत जास्त माल निघेल. अशा प्रश्नांत शक्य वांटण्यांची संख्या इतकी प्रचंड असते कीं एकेक करून त्या पाहणें अशक्य. कांतोरोविचला या कामाबद्दल पुढें १९७५ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत १९४७ सालीं जॉर्ज डँट्झिग यांनीं अशा प्रश्नांचें उत्तर पद्धतशीर काढण्याची रीत बसविली. तिची कल्पना अशी करतां येईल: सर्व शक्य वांटण्या मिळून अनेक पैलूंचा एक हिरा समजा, उत्तम उत्तर त्याच्या एखाद्या टोंकावर सांपडतें, म्हणून कडेकडेनें चालत, प्रत्येक वेळीं अधिक चांगल्या टोंकाकडे जावें. १९८४ सालीं या कामांत एका मराठी माणसानें मोलाची भर घातली. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले नरेंद्र करमरकर यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतांना नवी रीत काढली. ती कडेकडेनें न जाता हिऱ्याच्या पोटांतून वाट काढीत उत्तराकडे जाते, आणि अवाढव्य प्रश्नांना ती फार उपयोगी पडली.

या रीतीची पहिली मोठी परीक्षा झाली ती स्वयंपाकघरांतल्या प्रश्नावर. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं असा प्रश्न मांडला कीं ७७ खाद्यपदार्थांतून निवड करून, शरीराला आवश्यक असे ९ घटक पुरेसे मिळतील असा सर्वांत स्वस्त वर्षाचा आहार कोणता? १९३९ च्या भावांनीं त्याचें उत्तर ३९ डॉलर ९३ सेंट आलें. गव्हाचें पीठ, आटवलेलें दूध, कोबी, पालक आणि वाळलेले घेवड्याचे दाणे, एवढेच पदार्थ त्यांत होते. हें उत्तर त्यानें अंदाजानें काढलेलें होतें. १९४७ सालीं डँट्झिगच्या रीतीनें तेंच गणित करावयाचें ठरलें. नऊ कारकून हातांनीं चालणारीं हिशेबाचीं यंत्रें घेऊन बसले. सर्वांचे मिळून सुमारें १२० दिवसांचे श्रम खर्ची पडले. उत्तर आलें ३९ डॉलर ६९ सेंट. अंदाज फक्त २४ सेंटांनीं चुकला होता.

पुढची गंमत डँट्झिग यांनींच लिहून ठेवली आहे. वजन कमी करण्यासाठीं त्यांनीं आपला स्वतःचा आहार गणकयंत्राकडून ठरवून घ्यावयाचा बेत केला. पोट भरल्यासारखें वाटावें, म्हणून पाण्याचा अंश वगळून अन्नाचें वजन जितकें जास्त होईल तितकें करावें, अशी अट त्यांनीं घातली. यंत्रानें उत्तर दिलें: रोज ५०० गॅलन व्हिनिगर प्यावें! कोष्टकांत व्हिनिगरमध्यें पाणी शून्य धरलेलें होतें. व्हिनिगर काढून टाकतांच यंत्रानें रोज मांसरसाच्या २०० वड्या सांगितल्या. त्यांवर मर्यादा घातल्यावर दोन पौंड कोंडा सांगितला. प्रत्येक उत्तर घातलेल्या अटींप्रमाणें बिनचूक होतें. एवढें मीठ माणसाच्या पोटांत गेलें तर काय होईल, हें मात्र यंत्राला कोणी सांगितलेलेंच नव्हतें. शेवटीं त्यांच्या पत्नीनेंच त्यांचा आहार ठरवून दिला.

या गोष्टीवर हंसूं येतें, कारण व्हिनिगरचा वेडेपणा उघड दिसतो. कारखान्याच्या किंवा कचेरीच्या हिशेबांत तो इतका उघड दिसत नाहीं. बाहेर रांगेंत उभ्या असलेल्या रोग्याच्या वेळेला हिशेबांत किंमतच धरली नाहीं, तर गणित निमूटपणें सांगेल कीं एकच डॉक्टर पुरे. कामगाराच्या पाळ्या रोज बदलल्या तर त्याच्या घराची जी घडी विसकटते, तिचा आंकडा कोठेंच मांडला नाहीं, तर पाळ्या रोज बदलणें हेंच सर्वांत स्वस्त ठरेल. ज्याची किंमत शून्य धरली, तें गणित सढळ हातानें उधळून टाकतें. म्हणून हिशेबांत काय धरावें आणि काय वाढविण्यासाठीं किंवा कमी करण्यासाठीं हिशेब मांडावा, हा निर्णय गणिती करूं शकत नाहीं. तो कारभाऱ्यानें करावयाचा असतो, आणि त्याची जबाबदारीहि त्याचीच असते. 'यंत्रानें असें सांगितलें' हें उत्तर त्यानें देतां कामा नये.

उलट, हेतु योग्य धरला तर हेंच गणित किती उपकारक होतें, याचें एक अलीकडचें उदाहरण पाहा. एखाद्या रोग्याला त्याची पत्नी आपलें मूत्रपिंड देण्यास तयार असते, परंतु रक्तगट जुळत नाहीं. दुसऱ्या एका कुटुंबांतहि अशीच अडचण असते. पहिल्या घरचें मूत्रपिंड दुसऱ्या घरच्या रोग्याला जुळलें आणि दुसऱ्याचें पहिल्याला, तर दोन्ही जीव वांचतात. शेंकडों कुटुंबांच्या यादींतून अशा जोड्या व साखळ्या कशा लावाव्या, म्हणजे जास्तींत जास्त रोग्यांना लाभ होईल, हा कांतोरोविचच्या लाकडासारखाच वांटणीचा प्रश्न आहे. अमेरिका, ब्रिटन इत्यादि देशांत या जोड्या अशाच गणितानें लावल्या जातात. आपल्याकडेहि १९९४ च्या कायद्यांत २०११ सालीं दुरुस्ती होऊन अशा अदलाबदलीला कायद्याची मान्यता मिळाली आहे. विमानांच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, तेलशुद्धीच्या कारखान्यांतील मिश्रणें, वीजकेंद्रांतील विजेची वांटणी हीं कामेंहि याच गणितावर चालतात.

ज्यांच्याकडे गणकयंत्र नाहीं किंवा गणिताचें शिक्षण नाहीं, त्यांनाहि या शास्त्राचा पहिला भाग आचरणांत आणतां येतो. आणि लाभाचा मोठा वांटा बहुधा त्या पहिल्या भागांतच असतो. दुकान असो, शाळा असो, सहकारी संस्था असो वा घर असो; एखादी अडचण आली म्हणजे ताबडतोब नवीन माणूस, नवीन जागा किंवा नवीन यंत्र मागण्यापूर्वीं आठ दिवस नुसती नोंद ठेवावी. काम नेमकें कोठें तुंबतें, कोण कोणासाठीं थांबतें, आणि ज्या आंकड्याकडे पाहून आपण समाधान मानतों तो आपल्याला हवी असलेली गोष्ट सांगतो काय, हें पाहावें. आणि या थांबण्याची किंमत अखेर कोण भरतें, हेंहि त्याच वहींत लिहावें. हिशेबाच्या वहींत ज्याचें नांव नसतें असा कोणी तरी तेथें बहुधा उभा असतो.